पेल्यावर चमचा

हेर्मिनियाने चमचा उचलला, आजूबाजूला पाहिलं आणि चोरी केल्यासारखा हळूच पेल्यावर वाजवला. पेल्याच्या तळाशी दोन बोटं काळी कॉफी होती. दूध घेऊन कुणी येण्याचं चिन्ह दिसेना.

"जोरात, राणीसाहेब!" पलीकडच्या टेबलापाशी उभा असलेला किटलीवाला ओरडला. "फुटला तर मालकाचा पेला फुटेल. इथे लाजणाऱ्याला कोरी कॉफी प्यावी लागते!"

कमानीखालची दोन-चार माणसं हसली. हेर्मिनियाही हसली. तिच्या गावी, पुएब्लात, कुणी असा पेला बडवला असता, तर तिनेच त्याला फटकारलं असतं. पण वेराक्रूसमध्ये दूध असंच मागायचं असतं, तोंडाने मागितलं तर आपण पाहुणे आहोत हे सगळ्या बंदराला कळतं, असं तिच्या लेकीने, नोएलियाने, सकाळीच बजावलं होतं. दोघी मायलेकी दोन दिवसांसाठी आल्या होत्या. मासे खायचे, संध्याकाळी चौकात दान्सोन नाचणारी म्हातारी जोडपी बघायची, एवढाच बेत. नोएलिया आत्ता पाण्यापलीकडचा जुना किल्ला बघायला गेली होती. तिथल्या अंधारकोठड्या बघण्याची हौस हेर्मिनियाला नव्हती, आणि तिच्या गुडघ्यांना तर मुळीच नव्हती.

तिने पुन्हा चमचा वाजवला, या वेळी चांगला खणखणीत. किटलीवाला आला. त्याचं नाव एवेलिओ, पण झाडून सगळे त्याला डावऱ्या म्हणत. त्याने डाव्या हाताने किटली डोक्याच्याही वर नेली आणि तिथून धार सोडली. एक थेंब बाहेर नाही. फेस बरोबर काठाशी येऊन थांबला. हात खाली आणताना मात्र त्याने उजव्या हाताने डावं कोपर क्षणभर सावरलं, आणि कुणी पाहिलं तर नाही ना, अशी नजर गल्ल्याकडे टाकली.

तेवढ्यात हेर्मिनियाचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"आई! आई गं, मला सोडव! यांनी मला धरलंय!" पुढे नुसते हुंदके.

"नोएलिया?"

हा एक शब्द तिच्या तोंडून निसटला आणि घात झाला. हुंदके थांबले आणि एका पुरुषाचा आवाज आला.

"हो, नोएलियाच. आता नीट ऐक, बाई. फोन ठेवलास तर पोरगी गेली. कुणाशी बोललीस तर पोरगी गेली. दुसऱ्या कुणाचा आवाज माझ्या कानावर आला, की पहिलं बोट कापून तुला पाठवतो."

समोर चौक होता तसाच होता. फुगेवाला फुगे विकत होता, कुणीतरी मारिम्बा वाजवत होतं. हे सगळे लोक कसे काय चालू शकतात, बोलू शकतात, हेच तिला समजेना.

"तिला काही करू नका," ती पुटपुटली. "तुम्ही म्हणाल ते देते. तुमच्या पाया पडते."

"आता कसं शहाण्यासारखं बोललीस." माणूस खोकला. कोरडा, जुनाट खोकला. "पुएब्लात तुझ्या गल्लीच्या तोंडाशी माझी माणसं उभी आहेत. तुझी हालचाल दिसतेय त्यांना. ऊठ, कोपऱ्यावरच्या दुकानात जा, तिथून मी सांगेन त्या खात्यात पैसे भर. फोन कानावरून काढायचा नाही."

ती उठायला गेली. टेबलाचा काठ धरून ती पुन्हा खुर्चीत बसली. नोएलियाची बोटं तिच्या डोळ्यांसमोर आली. लांब, निमुळती, शिवणाची सुई कधी न धरलेली बोटं. यावरून ती पोरीला किती बोलली होती!

"काय राणीसाहेब, आमचं दूध गोड लागेना का?" जाता जाता एवेलिओने विचारलं.

"कोण बोललं ते?" फोनमधला आवाज कडाडला.

"कुणी नाही. टीव्ही. टीव्ही लागलाय." तिने एवेलिओला हातानेच दूर केलं. तो खांदे उडवून पुढच्या टेबलाकडे गेला, आणि तो गेल्याबरोबर ती आणखीच घाबरली. इथून उठून रस्त्यावर गेलं की आपण एकटे. मग हा माणूस म्हणेल तसं चालायचं, म्हणेल तिथे वळायचं. त्याच्याशिवाय जगात दुसरं कुणी उरणार नाही.

"निघालीस का?"

"निघते. चपला घालते."

बोलायची सोय नव्हती. ओरडायची नव्हती. हातात चमचा होता. पेला काठोकाठ भरलेला, फेसही न मोडलेला. तिने त्याच्यावर चमचा वाजवला.

एवेलिओने मान वळवली, भरलेला पेला पाहिला आणि हसून मान हलवली. बाईला वाजवायची चटकच लागली, असं त्याला वाटलं असावं. तिने पुन्हा वाजवलं. पुन्हा. थांबलीच नाही. दूध सांडून संगमरवरावर पसरलं. शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ वैतागून बघू लागला. एवेलिओचं हसू मावळलं. त्याने तिचा चेहरा पाहिला, कानाला घट्ट दाबलेला फोन पाहिला, आणि तो आला. तोंडातून शब्द न काढता त्याने किटली खाली ठेवली, खिशातला स्वतःचा फोन काढून तिच्यापुढे सरकवला.

लेकीचा नंबर! तिने बोट पुढे केलं आणि ते तसंच राहिलं. नोएलियाचा नंबर तिला पाठ नव्हता. तो तिच्या फोनमध्ये होता, आणि तिचा फोन कानाला होता. एवढ्या वर्षांत पोटच्या पोरीचा नंबर पाठ करायचं सुचलं नाही, म्हणून तिला रडू फुटलं. एवेलिओ तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"तो आवाज कसला येतोय?" फोनमधल्या माणसाने विचारलं.

हेर्मिनियाने चमचा घट्ट धरला.

"मघापासून वाजतंय ते. काचेवर. काय आहे ते?"

"चमचा," ती म्हणाली. खोटं सुचलंच नाही.

ती जीव मुठीत धरून ऐकत राहिली. आता किंकाळी येणार, नोएलियाची.

"वाजव पुन्हा."

तिने वाजवला. एकदा वाजवायचा तो तीनदा वाजला.

"तू... तुम्ही बंदरावर आहात?" आवाज खाली आला होता. "कमानींच्या खाली बसलाय?"

"हो."

हो म्हटलं आणि मग तिच्या ध्यानात आलं. याला ठाऊकच नव्हतं. नोएलिया खरंच याच्या ताब्यात असती, तर तिला इथेच धरलेलं असतं, आणि आपण कुठे आहोत ते याला आधीच कळलं असतं. पुएब्लातली गल्ली, गल्लीच्या तोंडाशी माणसं, सगळी थाप. तिला हे कळलं, पण भीती काही हलेना. फोन ठेवावा आणि आपलाच अंदाज चुकलेला असावा! कापलं जाणारं बोट लेकीचं होतं. तिने फोन ठेवला नाही.

"अजून उंचावरूनच ओततात का?"

"हो."

"डावऱ्या असतो?"

तिने मान वर करून पाहिलं. "असतो. इथेच उभा आहे."

माणसाला खोकल्याची उबळ आली. त्याच्या मागे लोखंडी दार आपटलं, कुणीतरी एकेकाचं नाव पुकारू लागलं.

"त्यांचा खांदा कसा आहे आता?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता फोन बंद केला.

तिने नोएलियाला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. लागेना. मग तिच्या तोंडून सगळं एकदम बाहेर पडलं, अर्धं रडत, अर्धं ओरडत. पोरगी, किल्ला, बोटं, पुएब्लातली गल्ली. एवेलिओने ऐकून घेतलं.

"किल्ल्यावर गेलीय ना? मग फोन लागायचा नाही. त्या भिंती तोफांना दाद देत नव्हत्या," तो म्हणाला. "आणि हे फोन तुरुंगातून येतात, राणीसाहेब. मनाला येईल तो नंबर फिरवतात मेले, गाव आकड्यांवरूनच कळतं. रडणारी पोरगीसुद्धा त्यांचीच. पाणी प्या."

ती पाणी प्यायली, पण नजर रस्त्यावरून काढली नाही. नोएलियासारखा लाल झगा दिसला की ती अर्धवट उठे, आणि ती भलतीच कुणी निघाली की बसे. ही वेळ फोनवरच्या वेळेहून वाईट गेली. तेव्हा निदान पलीकडे कुणीतरी बोलत तरी होतं.

नोएलिया आली ती ज्या बाजूला आई बघत नव्हती त्या बाजूने, तेल सुटलेला कागदी पुडा नाचवत.

"खेकड्याचं सारण भरलेले व्होलोव्हान! गरमागरम आहेत, आधी खा, मग... आई? अगं, काय झालं?"

हेर्मिनियाने तिचे दोन्ही हात धरले आणि भर हॉटेलात एकेक बोट चाचपून पाहिलं. मग ती रडली, पोटभर रडली. शेजारचा वैतागलेला गृहस्थ खुर्ची फिरवून दुसरीकडे बघत बसला. सगळं ऐकून नोएलियाचाही चेहरा उतरला. मग ती चिडली. तरुण माणसं घाबरली की चिडतात.

"नीच माणसं! सडू देत तिथेच. तो नंबर आधी ब्लॉक कर, आई. कर आत्ता माझ्यासमोर."

एवेलिओने नोएलियासाठी कॉफीचा पेला आणून ठेवला. हे खरं तर त्याचं काम नव्हतं, त्याने फक्त दूध ओतायचं. फडकं घेऊन तो सांडलेलं दूध पुसू लागला, आणि जागा कोरडी झाली तरी पुसतच राहिला.

"बोलला काय तो शेवटी?" त्याने खालमानेने विचारलं.

"तुमचंच विचारत होता," हेर्मिनिया म्हणाली. "डावऱ्या असतो का म्हणाला. आणि खांदा कसा आहे त्यांचा, म्हणाला."

"डावऱ्याला काय, अख्खं बंदर ओळखतं," तो म्हणाला. फडकं थांबलं. त्याने गल्ल्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला. "खांद्याचं इथे कुणाला माहीत नाही. कळलं तर किटली काढून घेतील. ते फक्त घरात ठाऊक."

हेर्मिनियाने पुडा बाजूला सारला.

"उत्तरेला, सीमेपलीकडे जातो म्हणून गेला पोरगा," एवेलिओ म्हणाला. "त्याच्या आईला वाटतं, तिकडे कामात आहे." मग त्याने विचारलं, "बरा वाटला का हो आवाजावरून?"

बोट कापून पाठवतो म्हणणारा आवाज तिच्या कानात अजून तसाच होता. जन्मभर राहणार होता. तिच्या ओठांवर शिवी आली, आणि समोर हा माणूस फडकं दोन्ही हातांत धरून उभा होता.

"थोडा खोकत होता," ती म्हणाली. "बाकी आवाज भरदार होता."

"खोकला त्याला पहिल्यापासून आहे."

"आई, केलास का ब्लॉक?" पेल्यात साखर घालता घालता नोएलियाने विचारलं.

हेर्मिनियाने फोन उघडला. सगळ्यात वर तो नंबर होता. त्या नंबराकडे तिला बघवत नव्हतं. तिने फोन टेबलावर उलट्या दिशेने वळवला आणि एवेलिओसमोर ठेवला.

तो वाकला. एकेक आकडा वाचताना त्याचे ओठ हलू लागले.

नोएलियाने चमचा उचलला आणि पेल्यावर वाजवला, चांगला खणखणीत. मग पुन्हा एकदा वाजवला. दुधाची किटली तिच्या हाताशी होती आणि किटलीवाला तिच्या शेजारी उभा होता, पण त्याला काही ऐकू गेलं नाही.