पाकिटाची मागची बाजू

तात्यांनी नमुन्याचं पाकीट दातांत धरून टरकन फाडलं आणि टेबलावर भिरकावलं.

"हे बघा. म्हाताऱ्याच्या दातांनी फाटलं. दुकानदाराच्या खिळ्यावर काय टिकणार?"

पाकीटवाल्याने जरा जाड प्लास्टिकचं दुसरं पुढे केलं. खालच्या मजल्यावर छपाईची यंत्रं धडधडत होती आणि शाईच्या उग्र वासाने डोळे चुरचुरत होते. सुनेने ते पाकीट उचलून दोन बोटांत चोळून पाहिलं.

"हे चालेल," ती म्हणाली.

"तुला विचारलं नाही," तात्या तिच्याकडे न बघता म्हणाले.

खरं तर पाकिटाची कल्पना तिचीच. तात्यांचा फुग्यांचा घाऊक धंदा. पण माल पुढे जायचा तो कारखान्याच्या पिशवीत, कारखान्याच्या नावानिशी. चार खेपा नेल्या की दुकानदार पिशवीवरचा पत्ता वाचून सरळ कारखाना गाठत आणि तात्या हात चोळत बसत. आपल्या नावाचं पाकीट काढू या, असं ती कधीची सांगत होती. "सुनांच्या अकलेने धंदे चालत नाहीत," हे उत्तर ठरलेलं. मग समोरच्या व्यापाऱ्याने स्वतःच्या नावाची पाकिटं बाजारात आणली आणि एका सकाळी तात्यांना ती कल्पना एकदम स्वतःलाच सुचली.

"रंग निळा. नाव दुकानाचं आहे तेच," तात्या सांगू लागले. "आणि खाली ठळक अक्षरांत, 'आणि चिरंजीव'."

पाकीटवाल्याने लिहिता लिहिता सहज विचारलं, "चिरंजीव दिसले नाहीत बऱ्याच दिवसांत?"

"बाहेरगावी असतो. मालाच्या कामाला."

सुनेने खाली मान घालून पाकिटाची पट्टी उघडली, दाबून लावली, पुन्हा उघडली. तिचा नवरा मालाच्या कामाला गेला नव्हता. गेल्या वर्षी तो दुसऱ्या बाईबरोबर दुसरा संसार मांडायला गेला, आणि त्यानंतर त्याने ना बायकोला फोन केला ना बापाला. तात्यांच्या मते दोष सुनेचा. बायकोच्या तोंडात गोडवा असता तर सोन्यासारखा पोरगा उंबरा ओलांडून गेला असता का? हे ते तिला जेवताना ऐकवत, गिऱ्हाइकांसमोर ऐकवत. तिला परत जायला माहेर उरलं नव्हतं, आणि दुकान तर तीच ओढत होती. म्हणून विळा आणि भोपळा एकाच छपराखाली राहत होते.

"मागच्या बाजूला फोन नंबर टाकू या ना? ऑर्डरसाठी?" पाकीटवाल्याने विचारलं.

तात्यांनी पोराचा नंबर सांगितला. एकेक आकडा, सावकाश, पाठ असलेला.

सुनेचा हात थांबला. "तो नंबर बंद आहे."

पाकीटवाल्याचं पेन कागदावर थबकलं.

"लागेल," तात्या म्हणाले.

"वर्षभर लागला नाही."

"लागेल म्हटलं ना! आज ना उद्या लागेल."

"गिऱ्हाईक आज ना उद्याची वाट बघत नाही, तात्या. फोन लागला नाही की ते पुढच्या दुकानात जातं. सगळ्या ऑर्डरी माझ्या फोनवर येतात. माझा नंबर टाका."

"परक्या माणसासमोर मला उघडं पाडतेस?" तात्यांचा आवाज चढला. "नवरा सांभाळता आला नाही, आणि आता पाकिटावर चढून बसायचंय! माझ्या पाकिटावर तुझा नंबर येणार नाही. मी मेल्यावरसुद्धा नाही."

तिने हातातलं पाकीट टेबलावर ठेवलं.

"बरं," ती म्हणाली.

तात्यांनी कागद ओढून सही ठोकली. ती वाळायच्या आत सून पाकीटवाल्याला म्हणाली, "मला आणखी एक पाकीट छापायचंय. वेगळं. कमीत कमी किती छापून देता?"

हे ती घरून ठरवून आली नव्हती. आवाज आपलाच आहे हे तिला बोलून झाल्यावर जाणवलं.

"कुणासाठी?" तात्यांनी विचारलं.

"माझ्यासाठी."

"आणि आत काय भरशील, हवा? माझ्या दुकानातला एक फुगा मिळणार नाही."

"कारखान्यातून आणीन."

"कारखानदार माझा माणूस आहे. माझ्या शब्दाबाहेर नाही तो."

"त्याला शेवटचा फोन तुम्ही कधी केला होता, तात्या?"

पाकीटवाला उगीचच कागद सारखे करू लागला. मग चाचरत म्हणाला, "नाव काय टाकू, ताई?"

"नाव नंतर सांगते. नंबर आधी लिहून घ्या."

परतीच्या वाटेवर स्कूटर तिने चालवली. तात्या मागे बसले, पण तिच्या खांद्याला हात न लावता पाठीमागची कडी घट्ट धरून. घरी आल्यावर दोघांनीही मिठाची गुळणी धरली. दुकानात तर तात्या सुनेला सांगायचं ते भिंतीला सांगत.

पाकीटवाल्याचा फोन आला तेव्हा ती काट्यावर फुगे तोलत होती.

"तात्या बोलले का तुम्हाला? काल आले होते इकडे. एकटेच."

तिने गल्ल्याकडे पाहिलं. काल दाढी करून येतो म्हणून गेले होते ते.

"काय म्हणाले?" तिने आवाज खाली आणला.

"मागचा नंबर काढून टाकला त्यांनी. मी म्हटलं, मग कुठला टाकू? तर म्हणाले, कुठलाच नको. मागची बाजू कोरी ठेवा."

"आणि पुढचं? 'आणि चिरंजीव'?"

"ते तसंच ठेवलंय."

समोर तात्या नव्या मालातला एक फुगा फुगवून बघत होते. डोळे मिटलेले, गाल ताणलेले, मानेची शीर वर आलेली. पोरगा होता तोवर हे काम पोरगा करायचा.

"हॅलो? ताई, आणखी एक. तुमच्या पाकिटाला निळा रंग द्यायचा नाही, असं बजावून गेलेत. निळा त्यांचा. गिऱ्हाइकाची गल्लत होते म्हणे."

"छापूच नका, असं नाही म्हणाले?"

"नाही. फक्त निळा नको."

तात्यांनी फुगा तोंडातून काढला. हवा फुस्सकन निघून गेली.

"कुणाशी चाललंय एवढं गुलुगुलू?" ते भिंतीकडे बघत ओरडले. "इथे गिऱ्हाईक ताटकळलंय, त्याचं काय?"

तिने फोन कानापासून हलवला नाही, आणि आवाजही खाली ठेवला नाही.

"मग पिवळा द्या," ती म्हणाली. "लांबून दिसेल असा."