कॅमेऱ्याचे डाग

बाळ एकदाचं झोपलं. दूध सांडलेला सदरा तसाच ठेवून ती संगणकापुढे बसली. दुर्बिणीची नवी चित्रं दुसऱ्याच कामासाठी, त्याच आकाशाची पण दुर्बीण जराशी सरकवून घेतलेली होती. तिने ती जुन्या चित्रांशेजारी मांडली.

कॅमेऱ्याचे डाग म्हणून तिने सोडून दिलेले ते बारके ठिपके जागचे हलले होते.

दुर्बीण जराशी सरकवून पुन्हा चित्र घेतलं की कॅमेऱ्यातला डाग असतो तिथेच राहतो. आकाशातली वस्तू मात्र आजूबाजूच्या ताऱ्यांबरोबर सरकते. हे ठिपके सरकले होते. म्हणजे त्या आकाशगंगाच होत्या, विश्व अगदी कोवळं असतानाच्या.

तिची विद्यार्थिनी पूर्वी हेच म्हणत होती. सगळे तिला चिमणी म्हणत. "लहान तोंडी मोठा घास घेते, ताई," ती म्हणाली होती, "पण तेव्हा सगळीकडे हायड्रोजनचं धुकं होतं ना, ते फाडायला मोठ्या आकाशगंगा पुरणार नाहीत. असून असून किती होत्या त्या? या बारक्या मात्र उदंड. कोवळ्या ताऱ्यांनी ठासून भरलेल्या. यांच्याच जहाल प्रकाशाने अणूंचे इलेक्ट्रॉन उडवले असणार. एकदा दुर्बीण सरकवून बघू या ना!"

"डाग आहेत गं ते," तिने उडवून लावलं होतं. "कॅमेऱ्याला काय, माझ्या साडीलासुद्धा आहेत."

सगळे हसले होते. चिमणीही हसली होती.

नकाराचं खरं कारण वेगळं होतं. मागे एकदा तिने स्वतःच अशाच एका डागाला आकाशगंगा म्हणून भर सभेत मिरवलं होतं आणि हसं करून घेतलं होतं. दुधाने तोंड पोळलेलं. ती ताक फुंकत बसली. दुर्बिणीचा मिळालेला वेळ तिने मोठ्या आकाशगंगांना दिला आणि बारके ठिपके चित्रांतून पुसून टाकले. चिमणीचा विषयच पुसला गेला. वर्षभर तिने दुसऱ्या विषयात मन घालून पाहिलं, मग विमा कंपनीत नोकरी धरली.

आता तिने चिमणीला फोन लावला.

"ताई? बाळ बरं आहे ना?"

"बरं आहे. चिमणे, तुझे ठिपके सरकले गं."

पलीकडून एका दमात, "ऑक्सिजनचा हिरवा उजेड दिसतोय? सगळ्यांत? तारे तेवढे तापलेले असले तरच तो येतो, ताई!"

"बऱ्याच जणींत दिसतोय. तू परत ये. मी वरपर्यंत भांडते. शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं."

कुणीतरी चिमणीला हाक मारली. "आले हं," ती तिकडे म्हणाली. फोनवर परतला तो आवाज ऑफिसातला होता.

"नाव घाला, ताई. आवडेल मला. पण आता नाही जमायचं. घरी सगळे या पगारावर आहेत. मला ना, ते ठिपके मोजायचे होते. एकेक करून."

"चुकलं गं माझं."

"असू दे. बाळाला पापा द्या."

बाळ उठून रडू लागलं होतं. त्याला मांडीवर घेऊन ती पुन्हा पडद्यापुढे बसली. शेकडो ठिपके मोजायचे पडले होते, चिमणीला मोजायचे होते तेच. पहिल्यावरच तिचा हात अडला.