इरावती मावशीचा नातू

करी रोडच्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या शांता परबला लेकीच्या मेसेजांचा संशय आला, तो त्यातल्या पूर्णविरामांमुळे.

आकांक्षा लडाखमध्ये होती. मंगळावर वस्ती केली तर माणसं कशी तग धरतील, हे बघायला सहा जणांना आठ महिने बंद घुमटात ठेवलं होतं. फोन नाही, फक्त मेसेज. तेही मंगळाहून आल्यासारखे वीस मिनिटं उशिरा. शांताचा पोचायला वीस, तिचा यायला वीस.

आधी घरच्या मालवणीत, पूर्णविरामाशिवाय यायचं, ‘आये जेवलंय झोपतंय’. गेला आठवडाभर मात्र येत होतं, ‘आई, मी मजेत आहे. काळजी करू नकोस.’

“दमली असेल गं,” शेजारची ललिता म्हणाली.

“दमल्यावर कोण इतकं शुद्ध लिहितं?”

दुपारी शांताने मुद्दाम लिहिलं, ‘इरावती मावशीला नातू झाला.’ आकांक्षाला एकही मावशी नव्हती.

चाळीस मिनिटांनी उत्तर आलं, ‘अरे वा. मावशीला अभिनंदन सांग.’

म्हणजे लिहिणारं दुसरंच कोणीतरी होतं. तिने विचारलं, ‘तू कोण?’ प्रयोगवाल्यांचा नंबर शोधून ठेवला. घरच्यांनी हरकत घेतली तर माणसाला बाहेर काढायचा नियम होता.

‘काकू, मी गौतम, तिच्या टीममधला. आकांक्षाचा उजवा हात मोडलाय, प्लास्टर आहे. ती सांगते, मी टाइप करतो. आत्ता ती झोपली होती, म्हणून मीच उत्तर दिलं. चुकलं माझं. तुम्ही तिला बाहेर काढाल म्हणून ती घाबरली होती.’

शांताला हेही पटेना. फक्त हातच मोडला कशावरून? तिने लिहिलं, ‘तिला उठव. डाव्या हाताने लिहू दे.’

पुन्हा चाळीस मिनिटं. ती खुर्चीवरून हलली नाही.

‘आये हत दुकता रडलय पन माका हयच रवाचा हा’

हात दुखतोय, रडलेही, पण मला इथेच राहायचंय. मजेत आहे म्हणाली असती, तर शांताने नंबर फिरवलाच असता. तिने डोळे पुसले आणि लिहिलं, ‘रव. पण परत खोटा सांगू नको.’ मग काहीतरी सुचून गौतमला विचारलं, ‘तिची वेणी कोण घालतं?’

उत्तर संध्याकाळी आलं. ‘मी. अजून नीट जमत नाही.’

ते वाचून शांताला वेगळाच संशय आला. तो तिने ललितालाही सांगितला नाही.