स्टेपनीचा प्रयोग

थिएटरात मला सगळे स्टेपनी म्हणतात. गाडीच्या मागे एक जास्तीचं चाक टांगलेलं असतं, ते. आमचं संगीत नाटक मोठं आहे. गाणी, नाच, खाली वादकांचा ताफा, वर फिरता डोंगर. त्यातल्या नायिकेसकट झाडून सगळ्या बायकांच्या भूमिका मला पाठ आहेत. कोणाचा पाय मुरगळला, कोणाचा घसा बसला, की त्या चाकाच्या जागी मी लागते. आणि सगळ्या ठणठणीत असल्या, की वरच्या मजल्यावरच्या खोलीत अर्धा रंग लावून बसते. तिथे भिंतीवर एक स्पीकर आहे. खालचा प्रयोग त्यातून ऐकू येतो. प्रेक्षक हसतात तेव्हा पुढचं वाक्य मी मनात म्हणते, आणि मग माझ्याऐवजी दुसरी कोणीतरी ते मोठ्याने म्हणते.

राखीव नटीसाठी आमच्याकडे एक नियम आहे. आज आपण उभं राहणार, हे कोणालाही सांगायचं नाही. पडदा उघडायच्या आधी घोषणा होते, तोवर तोंडाला कुलूप. कारण उघड आहे. बातमी फुटली तर लोक तिकिटं परत करतात. त्यांनी पैसे तिला बघायला मोजलेले असतात, मला नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. मी नियम पाळते. या धंद्यात माझ्याकडे शिस्त सोडून दुसरं आहे तरी काय? पण त्याचा परिणाम असा, की मी नायिका म्हणून उभी राहिले त्या प्रत्येक वेळी समोरच्या अंधारात माझ्या ओळखीचं चिटपाखरूही नव्हतं.

बाबा दोनदा येऊन गेले, रात्रपाळी असल्याने मध्यंतरापर्यंतच थांबले. दोन्ही वेळा देवाच्या कृपेने सगळ्या नट्या धडधाकट होत्या आणि मी वर बसले होते. पहिल्या वेळी बाबांनी नाचातल्या भलत्याच मुलीला मी समजून टाळ्या वाजवल्या. बाहेर भेटल्यावर बराच वेळ चपलेकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तो डोंगर फिरतो तो मोटरवर ना? आवाज अजिबात करत नाही." बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे डोंगराची मोटर त्यांना खरंच आवडली असणार. दुसऱ्या वेळेनंतर शेजाऱ्यांनी विचारलं की ते सांगायला लागले, "ती थिएटरात असते. तिथलं ऑफिसचं बघते." आई गेल्यापासून आम्ही दोघंच आहोत. मी ते जिन्यातून ऐकलं आणि मला फार लागलं. पण बोलून सिद्ध काय करणार होते?

आता नायिकेचं सांगते. ती कंपनीच्या मालकांची धाकटी लेक. पडद्यामागे तिला सगळे छकुली म्हणतात, तिच्या तोंडावर नाही. छकुलीचा आवाज बरा आहे, उगाच खोटं कशाला बोलू. नाच शिकायला ती परदेशात राहून आलेली आहे. आणि ऑनलाइन तिला इतके लोक बघतात की आमचं थिएटर वर्षभर रोज भरलं तरी तेवढे व्हायचे नाहीत. तिने सकाळी दात घासले तरी हजारोंना ते आवडतं. मलाही ऑनलाइन बघणारे आहेत. माझी मावशी, मावशीच्या दोन मैत्रिणी आणि एक गाद्यांचं दुकान.

एक दिवस छकुली वरच्या खोलीत व्हिडिओ काढायला आली. पडद्यामागचं खरंखुरं आयुष्य, असा काहीतरी तिचा विषय होता. तिच्या खोलीत सोफा आहे, फ्रीज आहे. माझ्या खोलीत मी आहे आणि इस्त्रीचं टेबल आहे. "किती गोड खोली आहे," ती म्हणाली. मनापासून म्हणाली, तीच तर पंचाईत. तिचा राग करायचा म्हटलं तर तो नीट धरताही येत नाही. मग तिने फोन खाली ठेवून मला घरचं विचारलं. मला गेल्या कित्येक महिन्यांत कोणी घरचं विचारलं नव्हतं. मी बाबांचं सगळं सांगून बसले. चपलांकडे बघत राहिले तेही सांगितलं.

तिचे डोळे भरून आले. डोळे पुसून म्हणाली, "शनिवारी दुपारचा प्रयोग तू कर. मी सुट्टी घेते."

"अशी सुट्टी मिळत नाही."

"मला मिळते," ती म्हणाली. यात फुशारकी नव्हती, तिने फक्त माहिती दिली. "बाबांना मी गाडी पाठवते. मी स्वतः त्यांच्या शेजारी बसेन. आपण त्याचा छान व्हिडिओ करू. लोकांनाही कळू दे, तू काय करतेस ते."

"पण आधी सांगायचं नाही असा नियम आहे."

"पप्पांशी मी बोलते गं."

मी नाही म्हणायला हवं होतं, असं माझ्यातली शहाणी बाई सांगत होती. पण मला बाबा खुर्चीत बसलेले बघायचे होते. मी उभी आहे आणि ते बघताहेत, एवढंच मला हवं होतं. इतक्या वर्षांत मी दुसरं काही मागितलेलं नाही, आणि हे परत कधी मिळेल याची खात्री नव्हती. मी हो म्हटलं. पदरी पडलं आणि पवित्र झालं.

शुक्रवारी तिचा व्हिडिओ आला. त्यात ती सांगत होती, उद्या माझ्या जागी माझी एक लाडकी मैत्रीण उभी राहणार, तिच्या बाबांसोबत मी खाली बसून बघणार, तुम्हीही या. तासाभरात मॅनेजरने मला खाली बोलावलं.

"बातमी फोडलीस?" तो म्हणाला.

"मी नाही. तिने."

"तिला मी काय बोलणार? तुला नियम माहीत आहेत, तू जुनी आहेस. तू तिला थांबवायचं." मॅनेजर वाईट माणूस नाही. त्याच्या घरीही खाणारी तोंडं आहेत. पण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा नियम कुठल्याच कागदावर नसून सगळ्यात कडक पाळला जातो.

"किती तिकिटं परत आली?" मी विचारलं.

"परत?" तो हसला. "पुढच्या सगळ्या रांगा फुल्ल. लोकांना तिच्या आसपासच्या खुर्च्या पाहिजेत."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे लोक स्टेजकडे तोंड करून बसणार, पण बघणार तिच्याकडे. फोटोसाठी उठणार, बाहेर जाणार, परत येणार. आणि दुसऱ्या अंकात नायिकेचं एकटीचं गाणं आहे. वादक थांबतात, एक दिवा सोडून सगळं काळोखात जातं. तेव्हा कोणी दार उघडलं तर बाहेरच्या व्हरांड्यातला उजेड थेट स्टेजवर येऊन पडतो आणि गाणं तिथेच मरतं. बाबांनी ते गाणं अखंड ऐकावं असं मला वाटत होतं. बाकी प्रयोगाची माती झाली तरी चालेल, पण ते गाणं नाही.

म्हणून शनिवारी रंग लावायच्या आधी मी दारावरच्या काकांकडे गेले. "काका, ते गाणं सुरू झालं की दार उघडायचं नाही. कोणीही येऊ दे."

"मालकांच्या मुलीचे पाहुणे आले तर?"

"तिचे पाहुणे आले तरी नाही. कोणाचं कोणी लागत असेल तरी नाही. मी सांगितलंय म्हणा."

काका खूश झाले. "इतकी वर्षं दारावर आहे, पण मला सगळे सांगायला येतात ते अमक्याला सोडा, तमक्याला सोडा. असं सांगणारी तू पहिलीच." त्यांनी टोपी सारखी केली. मलाही बरं वाटलं. वाटलं, इथे कोणाला तरी माझी किंमत आहे.

घोषणा झाली तेव्हा जोरात टाळ्या पडल्या. मी विंगेतून वाकून पाहिलं. छकुली उभी राहून हात हलवत होती. तिच्या शेजारी बाबा होते, कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, बँकेत मुलाखतीला आल्यासारखे ताठ. मी स्टेजवर गेले तेव्हा त्यांनी मला ओळखलं. त्यांची हनुवटी वर झाली, हात मांडीवरून थोडा उचलला गेला आणि मागच्यांना त्रास नको म्हणून परत खाली गेला. मला पहिलं वाक्य आठवायला एक क्षण जास्त लागला.

पहिला अंक बरा गेला. त्या रांगेत मात्र सारखी चुळबुळ होती. माणसं वाकून यायची, बाबा अर्धवट उठून पाय आखडून जागा द्यायचे, आणि ती माणसं छकुलीच्या खांद्याला खांदा लावून फोन वर धरायची. एकदा तर एका बाईने बाबांच्याच हातात फोन दिला. बाबांनी तो दोन्ही हातांत नीट धरून फोटो काढला. मी तेव्हा रडण्याच्या प्रसंगात होते, त्यामुळे काही अडलं नाही.

दुसऱ्या अंकातलं गाणं म्हणताना खाली बघायचं नसतं, नजर शेवटच्या रांगेच्याही वर ठेवायची असते. मी तशी ठेवली. त्या दिवशी माझा आवाज कुठून आला मला माहीत नाही. काळोखात एकही दार उघडलं नाही. शेवटचा स्वर सोडल्यावर कोणी खोकलंसुद्धा नाही, आणि मी मनात म्हटलं, बाबा, हे तुमच्यासाठी होतं.

शेवटी वाकून नमस्कार करताना मी खुर्ची शोधली. तिथे जिच्या फोनवर बाबांनी फोटो काढला होता ती बाई बसली होती. बाबा पार मागे, दाराजवळ उभे राहून टाळ्या वाजवत होते. मग छकुली त्यांना हाताला धरून पुढे घेऊन आली, कोणीतरी फोन धरला, मला मिठी मारायला सांगितलं. मी मारली. बाबांनी रुमालाने डोळे टिपले. छकुली खरोखर रडत होती.

गाडी फक्त आणण्यापुरती होती, किंवा घरी सोडायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. आम्ही बसस्टॉपवर उन्हात उभे राहिलो. व्हिडिओ तोवर आलाही होता. लेकीला पहिल्यांदा रंगमंचावर पाहणारा बाप, असं वर लिहिलेलं. खाली लोक भरभरून रडत होते.

"चांगली मुलगी आहे ती," बाबा म्हणाले. "पण तिचा घसा नाजूक आहे. मध्यंतरानंतर तिला खोकला लागला. मी म्हटलं, पाणी आणतो. बाहेर नळाला ही रांग. परत येतो तर दार बंद."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"मी सांगितलं दारावर, आत गातेय तिचा मी बाप आहे म्हणून. ते म्हणाले, आज आत जायला आलेला प्रत्येक जण कोणाचा तरी कोणीतरी आहे. आतून निरोप आहे, कोणालाच सोडायचं नाही." बाबा मान हलवत होते, कौतुकाने. "शिस्तीचा माणूस. बरोबरच आहे त्यांचं. दुरुस्तीला लिफ्ट उघडी असताना मी तरी कोणाला आत पाय ठेवू देतो का? मोठा डॉक्टर असला तरी नाही."

निरोप कोणाचा होता हे मला सांगता आलं नाही. माझ्या हाताने मी माझ्या बापाला बाहेर ठेवलं होतं, आणि तो त्याचं कौतुक करत होता.

"दाराला कान लावला होता मी," ते म्हणाले. "जाड आहे दार, तरी येत होतं. तो तूच म्हणत होतीस ना?"

"मीच."

"वाटलं मला. आवाज तुझ्या आईसारखा लागला मध्येच." त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. "नंतर ती मुलगी म्हणाली, काका, डोळे पुसल्यासारखं करा. आता तेव्हा कुठलं पाणी? आलं होतं ते बाहेर, दाराशी. तिथे कोणी नव्हतं."

बस दिसायला लागली. दूर होती अजून, सिग्नलला अडकलेली. बाबा शेजाऱ्यांना सांगायची तयारी करत असावेत, कारण त्यांनी जरा घसा साफ करून विचारलं, "त्या गाण्यात तू करतेस काय नेमकं? नुसतं उभं राहायचं असतं?"

"नाही. जिना चढते."

"कुठला जिना?"

"डोंगर अर्धा फिरतो, मागून एक जिना येतो. गात गात वरपर्यंत चढायचा."

बाबांनी डोळे बारीक केले. मोटर, जिना, त्यावर मी, सगळं ते जुळवून बघत होते.

"आणि वर कोण असतं?"

"कोणी नाही, बाबा," मी म्हटलं. "वर मी एकटीच असते."