दारासमोरची जागा

मी एक जुना लाकडी फलक आहे, आणि मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही. वाळूजला नवे कारखाने उभे राहत होते, तेव्हा यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या भंगारात निघाल्या. आमच्या कॉलेजच्या मुलांनी त्या सायकलवर लादून आणल्या, जोडल्या, वर तरट ठोकलं आणि जुन्या सायकल स्टँडमध्ये स्वतःचं कलादालन थाटलं. झाडलोट, चित्रांची निवड, राखण सगळं मुलंच करायची. सरांनाही तिथं ढवळाढवळ करता येत नसे. मला त्याचा केवढा तोरा होता!

माझी जागा दारासमोर. तिथं नेहमी पहिल्या वर्षाच्या मुलाचंच चित्र लागे, असा मुलांनीच पायंडा पाडला होता. खिळाही त्यानंच ठोकायचा. श्रीधरनं दौलताबादचा किल्ला लावला, तेव्हा हातोडी बोटावर मारून घेतली होती. बोट तोंडात घालून तो चित्राकडे बघत हसत राहिला. मला तो फार आवडायचा. पुढे तोच दालनाचा सेक्रेटरी झाला.

त्या वर्षी ही जागा पिशोरच्या मनकर्णाला मिळाली. तिनं आपल्या आईला, भागूबाईंना, बाजारात मिरच्या विकताना रंगवलं होतं. आईला मात्र एवढंच कळवलं, "दारासमोर लागलंय ते माझं." चित्र बघूनच आई ठरवणार होती, पोरीला पुढं शिकवायचं की घरी न्यायचं.

वार्षिक प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या सकाळी श्रीधरनं ते चित्र उतरवलं, माझ्या पाठीला अडकवलं आणि मला भिंतीला टेकवलं. माझ्या पुढच्या बाजूला संस्थेच्या अध्यक्षांनी, तात्यासाहेबांनी, काढलेलं गुलाबांचं चित्र लावलं. तात्यासाहेबांनी ती जागा मागितलीसुद्धा नव्हती.

"दादा, माझी आई निघालीय," मनकर्णा म्हणाली.

"एका दिवसाचा तर सवाल आहे. उद्या लावू की परत."

भागूबाई आल्या त्या थेट माझ्यासमोर. गुलाब बघून त्यांचे डोळे भरले.

"लई गोड काढलंस गं माय! शीक तू. तुझ्या बापाला म्या सांगते."

मनकर्णानं श्रीधरकडे पाहिलं. तो शेजारीच उभा होता, पण तात्यासाहेबही जवळच होते. त्यानं मान वळवली.

"व्हय, आई," ती हळूच म्हणाली.

मित्रांनो, भागूबाई स्वतः माझ्या पाठीवर मिरच्या विकत बसल्या होत्या आणि मला वळता येत नव्हतं. इतका असहाय मी कधीच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी श्रीधर खरंच चित्र परत लावायला आला. मनकर्णानं ते काढून घेतलं. "आता कुणासाठी लावता, दादा?" म्हणाली. पुढं ती शिकली, पण त्या दालनात पुन्हा तिनं खिळा ठोकला नाही.

आता माझं तरट फाटलंय, फळ्यांना वाळवी लागलीय. मला दुरुस्त करा, असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या हाती कुठल्या दालनाची किल्ली असेल, तर नव्या मुलाची जागा सांभाळा. मोठ्या माणसानं मागायच्या आधीच ती देऊन टाकू नका. आणि दिलीच, तर निदान त्याच्या आईला खरं सांगा.