तळ्याकाठच्या उरलेल्या पोळ्या

सहलीचं जेवण आटोपलं तेव्हा टेबलांवर उरलं होतं ते असं: पोळ्या त्रेचाळीस, मसालेभात अर्धं पातेलं, बटाट्याची भाजी दोन डबे. जेवणारी माणसं होती एकसष्ट. स्वयंपाक मात्र आपण नेहमी शंभरांचा करतो. कमी पडलं तर लाज वाटते, उरलं तर वाटत नाही. मग त्या उरलेल्याचं करायचं काय, हा प्रश्न प्रत्येक सहलीत येतो.

पामर्स्टन नॉर्थ या शहरापासून तासाभरावर, गवताळ माळांच्या मधोमध हे उथळ तळं आहे. भोवती पार्क, चालायला वाट, कायाक होड्या सोडायला एक लाकडी धक्का. जानेवारी म्हणजे इथला भर उन्हाळा, कडक ऊन होतं आणि पाणी बरंच आटलं होतं. घरी न्यायला पोळ्या कुणालाच नको होत्या. सगळ्यांचे फ्रिज भरलेले. इथल्या मराठी मंडळाचा सचिव यतीन याने कचऱ्याची पिशवी उघडली, तशी त्याची आई कमलाबाई पुढे झाल्या.

"कचऱ्यात? पहाटे चारला उठून लाटल्यात मी. अन्न असं टाकत नाहीत. पाखरांच्या मुखी पडू दे."

"स्वीट ॲज, झकास," यतीन म्हणाला. "चला, आज बदकांची पंगत."

"आजी, द साइन सेज डोन्ट फीड द बर्ड्स," त्याची आठ वर्षांची मुलगी सिद्धी धक्क्यावरच्या पाटीकडे बोट दाखवत म्हणाली.

"अगं, ते ब्रेडचं. ब्रेड मैद्याचा असतो. आपली पोळी होलमील," कमलाबाई म्हणाल्या.

सगळे हसले. विनयाही हसली. ती पामर्स्टन नॉर्थच्या एका प्रयोगशाळेत नदी-तलावांचं पाणी तपासते. एमएस्सीला तिचा विषयच तळ्यांचा होता. पाटीवर काय लिहिलंय आणि का लिहिलंय, हे तिथल्या एकसष्ट जणांत तिला सर्वांत नेमकं ठाऊक होतं. पण शिकायला ती नवीन आली तेव्हा पहिले दोन महिने तिला जेवू घातलं होतं ते कमलाबाईंनी. त्यांना चारचौघांत कसं सांगायचं? एका दिवसाने काय होतंय, असं तिने स्वतःला समजावलं आणि ती डबे घासायला नळाकडे गेली. धक्क्यावरून पोळ्या पाण्यात पडल्या. भातही पडला. बदकांनी थोडं खाल्लं, बाकीचं तळाशी बसलं.

नऊ दिवसांनी पार्क बंद झाल्याची ईमेल आली. पक्षी मरत होते. मेलेले पक्षी गोळा करायला शनिवारी माणसं हवी होती. विनयाने नाव दिलं आणि संध्याकाळी ती यतीनच्या घरी गेली.

"बॉट्युलिझम आहे," ती म्हणाली. "जंतूंच्या विषाने होतो. मान लुळी पडते, पंख उचलत नाहीत. मग पक्षी पाण्यातच बुडतो."

"पण आमच्या पोळ्यांनीच झालं कशावरून?" यतीनने विचारलं. "हीट केवढी आहे या वर्षी."

"फक्त पोळ्यांनी झालं असं मी म्हणणार नाही. ऊन आहे, पाणी कमी आहे. ते जंतू चिखलात असतातच. पण पाण्यात अन्न कुजलं की ऑक्सिजन संपतो, आणि ऑक्सिजन नसला की ते फोफावतात."

कमलाबाई मेथी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"हे तुला त्या दिवशी माहीत होतं?"

"हो, काकू."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही पहाटे उठून केलं होतंत. तुमचं मन मोडेल असं वाटलं."

"माझं मन!" कमलाबाई म्हणाल्या. "एकतीस वर्षं शाळेत शिकवलं मी. चुकलेल्या मुलाला त्याच दिवशी सांगायचं, हा माझा नियम. मी चुकले तर मला सांगायचं नाही? म्हातारीला समजणार नाही, असं तू परस्पर ठरवलंस, विनया. आणि त्याला मान असं नाव दिलंस."

विनया मेथीची एक जुडी ओढून निवडू लागली.

कमलाबाई पुढे म्हणाल्या, "तुला एकटीला काय बोलू? पोरगी पाटी वाचून दाखवत होती, आणि आम्ही हसलो. अन्नाचा मान राखायचा तो कणीक भिजवतानाच. माणसं मोजायची आणि तेवढंच करायचं. उरल्यावर पुण्य शोधायला गेले, तिथे चुकलं माझं." मग त्यांनी विचारलं, "शनिवारी जागा आहे का गाडीत?"

मित्रहो, आपल्यातले कितीतरी जण शिकून शहाणे झाले आहेत. पण आपल्या माणसाला वाईट वाटेल म्हणून आपण गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्याची झळ भलत्यालाच लागते. माहीत असलेलं वेळेवर, नम्रपणे सांगणं हाच थोरांचा खरा मान आहे. आणि थोरांनीही धाकट्यांचं ऐकलं पाहिजे.

शनिवारी विनया हातमोजे आणि गमबूट घालून काठाने फिरली. पक्षी उचलायची आणि जागा ओरडून सांगायची. कमलाबाई वाटेवर खुर्ची टाकून वहीत लिहून घेत होत्या. नंतरची चार वर्षं मंडळाची पातेली माणसं मोजूनच चढली, पण त्या शनिवारचा आकडा बदलण्यासारखा नव्हता. दुपारी दीड वाजता बेरीज झाली.

मेलेले पक्षी चोवीस. धक्क्यापासून वीस मीटरच्या आत एकोणीस. उरलेल्या सगळ्या काठावर पाच.