माझा जोर वाढवला त्याची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. जड, तापट आणि आता मुका. गिटारचा बारीक आवाज मोठा करून बाहेर सोडायचा, एवढंच माझं काम. पोटातले काचेचे व्हॉल्व्ह चांगले तापल्याशिवाय मी तोंड उघडत नसे.

बोईसरच्या बन्सी मिस्त्रींनी मला हाताने घडवलं. माझ्या ट्रान्सफॉर्मरची तारसुद्धा त्यांनीच गुंडाळली, एकेक वेढा मोजून. एडवणच्या भगवंतने मला घेतलं. तो मासेमारीच्या बोटीवर जायचा आणि हळदीला गिटार वाजवायचा. वीस वर्षं आम्ही किनाऱ्यावरचे मांडव गाजवले. बायका म्हणायच्या, "भगवंतची गिटार बोलते हां." बोलत मी होतो, पण असो.

मग भिंतीएवढे स्पीकर घेऊन डीजे आले. आम्हाला कोणी बोलवेना. मी जुन्या जाळ्यांखाली खारी हवा खात पडून राहिलो. फार वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

अशात भगवंतच्या लेकीचं, तेजलचं, लग्न ठरलं. हळदीला डीजे येणारच होता. तरी तेजल म्हणाली, "बाबा, पयलं गाणं तुमीच वाजवा. मला तेवढंच पायजे." भगवंत हरखला आणि लगेच धास्तावला. डीजेपुढे आपलं हसं झालं तर? त्याने मला उचलून थेट बोईसर गाठलं.

"मिस्त्री, याचा जोर दुप्पट करा. बोटीला मोठं इंजिन टाकतो ना, तसे मोठे व्हॉल्व्ह टाका."

"जोर दुप्पट केला तरी कानाला थोडंच जास्त वाटतं रे," मिस्त्री म्हणाले. "आणि मोठे व्हॉल्व्ह वीज जास्त खेचतात. ट्रान्सफॉर्मरपण नवा गुंडाळायला लागेल. आठ दिवस दे."

"परवा हळद हाय."

बेडूक कितीही फुगला तरी बैल होत नाही, हे मला कळत होतं. पण मला विचारतो कोण? मिस्त्रींनी नाइलाजाने मोठे व्हॉल्व्ह बसवले. ट्रान्सफॉर्मर जुनाच राहिला, म्हणून फ्यूजही त्यांनी जुनाच ठेवला. "हा उडाला तर समज, याला झेपत नाय. तिथंच बंद कर," त्यांनी बजावलं.

हळदीच्या संध्याकाळी गाणं अर्ध्यावर आलं आणि फ्यूज उडाला. खोल समुद्रात बोटीचा फ्यूज उडाला, तर तिथे दुकान नसतं. तार गुंडाळायची आणि घर गाठायचं. भगवंतच्या हातांना तीच सवय. त्याने फ्यूजला तार गुंडाळली आणि मला पुन्हा चालू केलं.

दोन मिनिटांत माझा ट्रान्सफॉर्मर जळाला. मांडवभर जळका वास सुटला. डीजेवाल्याने लगेच गाणं लावलं आणि लोक नाचू लागले. भगवंत मांडीवर गिटार घेऊन बसून राहिला.

अंगभर हळद लागलेली तेजल उठून त्याच्याजवळ आली. "बाबा, कशाला वाढवला जोर? मी तर तुमच्या पुढ्यातच बसलेली."

तेजल सासरी गेली. मिस्त्रींचे हात आता थरथरतात, ट्रान्सफॉर्मरची तार पुन्हा गुंडाळता येत नाही. भगवंतने त्यानंतर गिटारला हात लावलेला नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्याला झेपेल तेवढंच ओझं द्या. आणि जोर वाढवायला निघालात, तर आधी एवढं बघा, ज्याला ऐकवायचंय ते माणूस किती लांब बसलंय.